चाळीस खेपा, एक पत्र

वजनकाट्याला शेतकरी दिसत नाही, गाडी दिसते. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढली की भरलेले वजन नोंदले जाते, गव्हाणीजवळ ऊस खाली करून ती परतली की रिकामे वजन होते आणि दोहोंतल्या फरकाची पावती निघते. तारीख, गाडीचा नंबर, टोळीचा कोड, शेतकऱ्याचा कोड, गट नंबर, उसाची जात, निव्वळ वजन. संगणकाच्या तक्त्यात ही झाली एक ओळ. मागची गाडी काट्यावर आली की दुसरी ओळ. हंगाम भरात असताना रात्रंदिवस अशा ओळी पडत राहतात, आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन ओळींमध्ये दुसऱ्या शेकडो जणांच्या ओळी येतात.

टेंभुर्णी हे माढा तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. उजनी धरण इथून जवळच. 1980 साली ते पूर्ण झाले आणि भीमेच्या या पट्ट्यात ज्वारीच्या शिवारात ऊस शिरला. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला, आणि आसपासच्या तालुक्यांतले कारखानेही इथला ऊस नेतात. या भागात कुणाचे दोन एकर असतील तर एकरी 40 टनांच्या उताऱ्याने 80 टन ऊस होतो. बैलगाडीत साधारण दोन टन बसतात, म्हणजे 40 खेपा. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर असेल तर चार-पाच खेपांत रान मोकळे होते. बैलगाडी असो की ट्रॅक्टर, शेतकऱ्याला घरी एकच कागद हवा असतो: माझा ऊस कोणत्या गटातून, कोणत्या दिवशी, किती गेला.

हा कागद शेकडो किंवा हजारो लोकांना पाठवायचा असला की मेल मर्ज लागते. पत्राचा मसुदा एकदा लिहायचा, नाव, गाव, वजन यांच्या जागा मोकळ्या सोडायच्या आणि त्या जागी तक्त्यातली माहिती आपोआप भरून घ्यायची. वर्डमध्ये ही सोय आहे, लिबरऑफिसमध्येही आहे. अडचण एकच, पण मूलभूत आहे: मेल मर्जच्या लेखी एक ओळ म्हणजे एक पत्र. वजनकाट्याचा तक्ता जसाच्या तसा जोडला तर 40 खेपांच्या शेतकऱ्याला 40 पत्रे जातील, प्रत्येकावर एकच खेप. एकाखाली एक नोंदी छापणारा डिरेक्टरी नावाचा प्रकार वर्डमध्ये आहे, आणि एकात एक अडकवलेल्या अटी लिहून त्यातून शेतकरीवार पत्र काढताही येते. पण ते प्रकरण इतके नाजूक असते की लिहिणारा माणूस रजेवर गेला की दुसऱ्याला हात लावता येत नाही. सोपा रस्ता आधी तक्त्यातूनच जातो. एका शेतकऱ्याच्या सगळ्या ओळी एका चौकटीत आणायच्या, एका शेतकऱ्याची एक ओळ करायची, आणि मग मेल मर्जला हात घालायचा.

इथे कुणीही विचारील की सरळ बेरीज का करू नये? पिव्होट टेबल लावले की दोन मिनिटांत प्रत्येक कोडसमोर एकूण टन येतात. येतात खरे, पण ऊसबिलात तारखेला किंमत आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज लागते. समजा, 1047 कोडच्या शेतकऱ्याच्या नोंदी अशा आहेत:

15/12/2024, गट 112/1, 18.450 टन
16/12/2024, गट 112/1, 17.900 टन
16/12/2024, गट 12/2, 19.125 टन
18/12/2024, गट 12/2, 18.500 टन

एकूण 73.975 टन. पहिल्या खेपेची मुदत 29 डिसेंबरला संपते, शेवटच्या खेपेची 1 जानेवारीला. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला 340 रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा न करता पहिल्या खेपेचे 62,730 रुपये होतात आणि त्यावर एका दिवसाचे व्याज जवळपास 26 रुपये. 73.975 हा एकटा आकडा छापला की हा हिशोब शेतकऱ्याच्या हातातून निसटतो. गट नंबरही जातो, आणि कोणत्या रानाने काय दिले हे पुढच्या वर्षी खोडवा ठेवायचा की मोडायचा हे ठरवताना त्यालाच लागते. म्हणून बेरीज हवीच, पण खेपाही हव्यात. बेरजेत तपशील मुरून जातो, जोडणीत तो टिकतो. या कामात जोडणी महत्त्वाची ती त्यासाठी.

आपल्याकडे हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सुटलेला होता. पेढीवर दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचे आणि मग त्यातले एकेक उचलून ज्याच्या त्याच्या पानावर खतवायचे, ही कीर्द-खतावणीची पद्धत. कीर्द दिवसाची, खतावणी माणसाची. काट्यावरचा तक्ता ही कीर्द आहे आणि शेतकऱ्याचे पत्र हे खतावणीतले त्याचे पान.

गावच्या दप्तरात तर याचे अगदी नेमके उदाहरण आहे. जमीन महसुलाचे गाव नमुने 1 ते 21. त्यातला सात-बारा सगळ्यांना ठाऊक असतो. तो जमिनीचा उतारा. एका गटाचा किंवा गटाच्या हिश्श्याचा एक, आणि त्यावर त्या जमिनीतल्या सगळ्या खातेदारांची नावे. पण एखाद्याची गावात मिळून जमीन किती हे सात-बाऱ्यावरून कळायचे तर त्याचे सगळे उतारे गोळा करावे लागतील. त्यासाठी नमुना आठ-अ असतो, धारण जमिनींची नोंदवही. तिथे एक खाते, आणि त्या खात्यासमोर एकाखाली एक गट नंबर, प्रत्येकाचे क्षेत्र, आकारणी आणि खाली बेरीज. सात-बाऱ्याच्या विखुरलेल्या ओळी आठ-अमध्ये खातेदाराभोवती जमतात. सोसायटीचे पीककर्ज असो की अनुदानाचा अर्ज, सात-बाऱ्याबरोबर आठ-अ मागतात तो याच कारणाने. ज्यांनी हे नमुने आखले त्यांनी दोन्ही वह्या ठेवल्या, एकीवर दुसरी बेतली, आणि पहिली कधीच फेकून दिली नाही. आजच्या तक्त्यालाही हेच लागू पडते, त्याकडे पुढे येतो.

आता जोडणी प्रत्यक्ष कशी करायची ते पाहू. जुन्या एक्सेलमध्येही चालणारी रीत अशी. तक्ता आधी कोडप्रमाणे आणि त्यात तारखेप्रमाणे लावून घ्या. शेजारी एक रिकामा रकाना घ्या आणि त्यात इफचे सूत्र लिहा: या ओळीचा कोड वरच्या ओळीच्या कोडइतकाच असेल तर वरच्या चौकटीत जमलेला मजकूर घे आणि त्याच्यापुढे ही खेप जोड, नसेल तर इथून नवी सुरुवात कर. सूत्र खाली ओढले की प्रत्येक शेतकऱ्याचा मजकूर ओळीगणिक वाढत जातो आणि त्याच्या शेवटच्या ओळीत पुरा होतो. दुसऱ्या रकान्यात खूण करा: खालच्या ओळीचा कोड वेगळा असेल तर ‘शेवट’. मग फिल्टर लावून फक्त ‘शेवट’च्या ओळी उचला आणि नव्या पानावर नुसत्या किमती म्हणून चिकटवा. सूत्रासकट चिकटवल्या आणि नंतर क्रम बदलला तर सगळी साखळी तुटते. आधी क्रम लावायला विसरलात तर एकाच शेतकऱ्याच्या दोन अर्धवट साखळ्या होतात, आणि तक्ता लांब असला की ते डोळ्यांना दिसतही नाही.

एक्सेल 2019 पासून टेक्स्टजॉइन हे फंक्शन मिळाले आणि काम हलके झाले. लिबरऑफिस कॅल्कमध्ये ते त्याआधी, 5.2 आवृत्तीपासून आहे; गुगल शीट्समध्येही आहे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: दोन तुकड्यांमध्ये काय घालायचे, रिकाम्या चौकटी गाळायच्या का, आणि काय काय जोडायचे. तिसऱ्या जागी ‘ज्या ओळींचा कोड 1047 आहे त्या’ असे सांगणारे फिल्टर बसवले की त्या शेतकऱ्याच्या सगळ्या खेपा एका चौकटीत येतात. कोडांची यादी युनिक काढून देते. ही शेवटची दोन फंक्शने एक्सेल 2021 आणि 365 मध्ये आहेत. 2019 वर असाल तर फिल्टरऐवजी इफ लिहून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावे लागते.

दर पंधरवड्याला हेच करायचे असेल तर माझे मत पॉवर क्वेरीच्या बाजूने आहे. एक्सेल 2016 पासून ती आतच असते. तक्ता तिच्यात घ्यायचा, ग्रुप बाय निवडायचे, खेपेच्या मजकुराच्या रकान्यावर मुद्दाम सम लावायचे. मजकुराची बेरीज होत नाही म्हणून चूक दाखवली जाते. मग वरच्या सूत्रपट्टीत जिथे ‘लिस्ट डॉट सम’ लिहिले आहे तिथे ‘टेक्स्ट डॉट कंबाइन’ लिहायचे आणि दोन खेपांमध्ये काय घालायचे ते शेवटी द्यायचे. पुढच्या पंधरवड्याला नव्या ओळी घातल्या की रिफ्रेश दाबले, काम झाले. काय काय केले ते पायरीपायरीने शेजारी दिसते, म्हणून नंतर येणाऱ्या माणसालाही ते वाचता येते.

दोन खेपांमध्ये काय घालायचे? पुष्कळ जण स्वल्पविराम घालतात. चार खेपांपर्यंत तो चालतो. 40 खेपा स्वल्पविरामांनी जोडल्या की पत्रात आकड्यांची भिंत उभी राहते आणि ज्याच्यासाठी पत्र आहे त्यालाच ती वाचता येत नाही. ओळ तोडणारे चिन्ह घालावे, एक्सेलमध्ये ते CHAR या फंक्शनला 10 हा आकडा देऊन मिळते. तारीख, गट आणि वजन यांच्यामध्ये टॅब घातला, म्हणजे त्याच फंक्शनला 9, आणि वर्डच्या मसुद्यात दशांशाचा टॅब लावला तर वजनांचे बिंदू एका रेघेत येतात. कागद हातात धरून पेनाने खेपांवर टिचक्या मारणाऱ्या माणसाला याचा फार उपयोग होतो.

सूत्रात मोठे नुकसान सहसा होत नाही. होते ते नोंदींच्या रूपात, आणि त्यातल्या काही जागा आपल्याकडच्याच आहेत.

पहिली जागा गट नंबराची. एक्सेलमध्ये 112/1 लिहिले तर ते तसेच राहते, कारण तशी तारीख नसते. 12/2 लिहिले की एक्सेलला ती 12 फेब्रुवारी वाटते. चौकटीत 12-फेब्रु असे दिसते, आणि आत तर 1900 सालापासून मोजलेला दिवसांचा आकडा असतो. 2024 साली टंकलेल्या 12/2 चा तो आकडा 45334. जोडणी करताना हाच बाहेर येतो आणि शेतकऱ्याच्या पत्रात ‘गट 45334’ छापले जाते. 1947 च्या तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायद्यानंतर झालेल्या एकत्रीकरणातून गट नंबर आले, पुढे वाटण्या होत गेल्या तसे त्यांना हिस्से पडत गेले. त्यामुळे लहान आकडा, तिरकी रेघ, लहान आकडा ही रचना आपल्या प्रत्येक गावात आहे. त्या रकान्याचे स्वरूप टंकण्याआधीच टेक्स्ट करून ठेवणे हा पक्का उपाय. नंतर बदलले तर 45334 च हाती येतो. जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांनी याच सवयीपुढे हात टेकले. मार्च-1 आणि सेप्ट-1 नावाच्या जनुकांच्या तारखा होऊन शोधनिबंधांच्या तक्त्यांत चुका शिरत होत्या. शेवटी 2020 साली नामकरण समितीने नियम बदलले. मार्च-1 चे मार्चएफ-1 झाले आणि सेप्ट-1 चे सेप्टिन-1. जनुकाचे नाव बदलता येते. गट नंबर सात-बाऱ्यावर जसा आहे तसाच पत्रात यायला हवा.

तारीख आणि वजन यांचेही असेच. नुसते जोडले तर 15/12/2024 च्या जागी 45641 येतो आणि 18.500 चा 18.5 होतो. तीन दशांश म्हणजे किलोपर्यंतचे वजन, पावतीवर 17.900 आणि पत्रात 17.9 दिसले की दोन कागद जुळवणारा माणूस थबकतो, आणि त्याने थबकावे असे आपल्या हातून काही होऊ नये. जोडण्याआधी टेक्स्ट फंक्शनने प्रत्येकाचे रूप पक्के करावे. एकूण टन, एकूण रक्कम असे जे आकडे न जोडता थेट मेल मर्जमध्ये जातात त्यांनाही हेच लावावे, नाहीतर वर्डमध्ये दशांशाची लांबलचक शेपटी उमटते किंवा तारीख अमेरिकी पद्धतीने महिना आधी घेऊन येते.

दुसरी जागा नावांची. ओळी एकत्र करायच्या त्या कोडावरून, नावावरून कधीच नाही. पाटील आणि पाटिल ही अडचण सगळ्यांना दिसते. न दिसणारी अशी: वऱ्हाडेमधला रफार-वजा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका कीबोर्डवर तो एकीने येतो, दुसऱ्यावर दुसरीने. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन नावे असतात आणि एका माणसाला दोन पत्रे जातात. नावाच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही तेच करते. याच्या उलटही घडते. एकच नाव एका खात्यावर नुसते असते आणि दुसऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ असे लागून येते. नाव एकच आहे म्हणून ती दोन खाती जोडून टाकायची नाहीत. दुसरे खाते एकत्र कुटुंबाचे आहे, तो माणूस तिथे कुटुंबाचा मॅनेजर म्हणून आहे. ‘अ.पा.क.’ असलेल्या खात्यात तर धनी अज्ञान मूल आहे आणि पत्र पालनकर्त्याच्या हाती जाते.

ज्या कार्यालयांत जुने मराठी फाँट अजून वापरात आहेत तिथे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ आहे. स्वल्पविरामाने जोडलेला मजकूर त्या फाँटमध्ये छापला की दर दोन खेपांमध्ये एक ‘ए’ उभा राहतो. तक्ता आधी युनिकोडमध्ये आणावा, मग जोडणी.

तिसरी जागा सगळ्यांत घातक, कारण ती खूण ठेवत नाही. एक्सेलच्या एका चौकटीत 32,767 अक्षरे मावतात. वर्ड मात्र मेल मर्जसाठी तक्ता उघडताना रकान्याच्या पहिल्या आठ ओळी चाळून अंदाज बांधतो. त्यांत 255 अक्षरांहून लांब काही आढळले नाही तर तो रकाना आखूड मजकुराचा समजतो आणि खालच्या ओळींतला लांब मजकूर 255 वर कापतो. वर दिलेली खेपेची ओळ मोजून पाहा: ‘15/12/2024, गट 112/1, 18.450 टन’ म्हणजे मोकळ्या जागा धरून 31 अक्षरे. अशा आठ ओळी आणि त्यांमधली सात ओळतोडीची चिन्हे मिळून नेमकी 255. आठ खेपा स्वच्छ छापल्या जातात. नवव्या खेपेपासून चाळिसाव्यापर्यंत काहीच नाही, आणि आकडा अर्धा कापलेला दिसून कुणाला शंका यावी असेही काही उरत नाही. खेपेसोबत गावाचे नाव घातले तर हद्द आणखी अलीकडे येते. काना-मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह संगणक स्वतंत्र मोजतो. टेंभुर्णी आपल्याला तीन अक्षरी वाटली तरी तिथे ती नऊ धरली जाते. उपाय सोपा आहे. जोडलेल्या मजकुराची लांबी लेन फंक्शनने काढायची आणि सगळ्यांत लांब ओळी वर येतील असा क्रम लावून मगच मेल मर्ज करायचे.

आता दोन वह्यांकडे. एडगर कॉड यांनी 1970 साली तक्त्यांच्या रूपात माहिती साठवण्याचा जो सिद्धांत मांडला, आणि ज्यावर आजचे बँकांपासून रेल्वेपर्यंतचे डेटाबेस उभे आहेत, त्याचा पहिलाच दंडक एका चौकटीत एकच किंमत हा आहे. आपण जोडणी करून तो मोडतो. पत्रासाठी मोडणे योग्यच आहे, कारण पत्र माणूस वाचणार आहे. पण 40 खेपा एका चौकटीत गेल्या की त्यांची बेरीज होत नाही, त्यातली एक खेप दुरुस्त करायची तर अख्खा मजकूर चाचपावा लागतो. म्हणून जोडलेले पान पत्रापुरते. दुरुस्ती करायची ती काट्याच्या मूळ ओळीत, आणि तिथून पुन्हा जोडणी करायची. जोडलेल्या पानात हाताने आकडा बदलला की कीर्द एक सांगते आणि खतावणी दुसरे, आणि मग खरे कोणते हे ठरवायला शेतकऱ्याजवळ त्याच्या पावत्यांखेरीज काही राहत नाही.

याच कारणाने खेपांची संख्या आणि एकूण टन हे दोन आकडे मूळ ओळींवरून काउंटइफ आणि समइफ लावून काढावेत आणि पत्रात वेगळे छापावेत: ‘एकूण खेपा 4, एकूण वजन 73.975 टन’. खाली चारच ओळी आहेत का, हे मग कुणालाही मोजता येते. 255 वर कापले गेलेले पत्र इथे लगेच पकडले जाते, कारण वर 40 असते आणि खाली आठ ओळी. सगळ्या पत्रांतल्या टनांची बेरीज त्या पंधरवड्याच्या काट्याच्या बेरजेशी किलोपर्यंत जुळली पाहिजे. जुळली नाही तर एखादा कोड यादीतून सुटला आहे किंवा दोनदा आला आहे.

छपाईआधी तीन पत्रे काढून पाहावीत: सर्वाधिक खेपांचे, एकाच खेपेचे, आणि ज्यात 12/2 सारखा गट नंबर आहे असे एक. तिन्हींतली प्रत्येक ओळ काट्याच्या पावत्यांच्या स्थळप्रतींशी ताडावी. हे काम दोघांनी करावे, एकाने पावती वाचावी आणि दुसऱ्याने पत्रावर बोट ठेवावे.